खाटेपासून रस्त्यापर्यंत

गिरगाव

प्रिय सुनंदा,

तुझ्या आईंना अर्धांगवायू झाल्याचं कळलं. पुन्हा करोनासारखं काही आलं तर लालबागच्या त्या खोलीत त्यांचं कसं होणार, या काळजीने तुला झोप नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माझ्या ताईचं आम्ही कसं निभावलं ते तुला हवंय. फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून लिहितेय.

आमचा जिना तुला आठवत असेल. तिसरा मजला, लाकडी पायऱ्या, वळणावर समोरून कोणी आलं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ताईला उतरवायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, आणि खालच्या दोघांनी उलट्या पायांनी उतरायचं. एरवी हाकेसरशी मुलं धावतात. पण २०२०च्या एप्रिलमध्ये हाक तरी कोणत्या तोंडाने मारणार? चौघांचे श्वास थेट तिच्या तोंडावर!

खरी पंचाईत लघवीच्या नळीची. ती ठरावीक आठवड्यांनी बदलावीच लागते, नाहीतर ताप चढतो. नळी बदलणाऱ्या सिस्टर अंबरनाथहून यायच्या आणि टाळेबंदीत लोकल बंद. अपंगांची सेवा करणाऱ्यांना अडवू नका, अशी सूचना केंद्राने २६ मार्चलाच काढली होती. पण गाडीच नाही तर त्या येणार कशाने? शेवटी त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. आतल्या फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढल्याशिवाय जुनी नळी ओढायची नाही, हे पुन्हा पुन्हा बजावलं. माझे हात कापत होते आणि ताई मलाच धीर देत होती. घरी शिकायला कोणीच नसलेल्या बाईने काय केलं असेल, हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

आमची ही गत, तर बहिऱ्यांचे हाल वेगळेच. मास्कमुळे समोरच्याचे ओठ दिसेनात आणि करोना वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते. डॉक्टर काय विचारताहेत हे त्यांना कोण सांगणार?

मग लस आली. मे २०२१मध्ये पालिकेने दादरला कोहिनूरच्या वाहनतळात गाडीत बसल्या बसल्या लस द्यायला सुरुवात केली, ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी. चांगली सोय होती, मी मनापासून म्हणतेय. पण गाडीपर्यंत पोचायला आधी आमचा जिना होताच की. घरी येऊन लस द्या, ही मागणी घेऊन वकील धृती कापडिया मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. लस वाया जाईल, काही त्रास झाला तर काय, असं केंद्राचं म्हणणं. अखेर राज्य सरकारने केंद्राची वाट न पाहता पाऊल उचललं आणि जुलैअखेर मुंबईत घरोघरी लस सुरू झाली. रुग्ण पुढचे सहा महिने तरी अंथरुणातच राहणार, असा डॉक्टरांचा दाखला लागायचा. केंद्राची परवानगी आली ती सप्टेंबरात.

मला राग येतो तो याचा, की अपंगांना उपचारात प्राधान्य द्या, असं २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आधीच लिहिलेलं होतं. तरी कोर्टाची पायरी चढावी लागली. कोणत्या चाळीत, कितव्या मजल्यावर, कोण अंथरुणाला खिळलंय, याची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसने साथ नसतानाही तयार ठेवायला हवी आणि दरवर्षी नव्याने करायला हवी. आम्ही काहीजणी नगरसेवकांकडे हेच मागणार आहोत. मागणीवर लालबागकरांच्याही सह्या मिळाल्या तर बळ येईल, भावाला विचारशील?

आणि आईंचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, काढायला घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीला सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. डिस्चार्जचे कागद आणि आधार बरोबर असू देत. उतरवायला माणसं लागली तर आमच्या चाळीतली मुलं पाठवते. त्यांना खुर्ची कशी धरायची ते पक्कं माहीत आहे. फक्त दोन दिवस आधी कळव.

तुझी,
मंदा