हाताशी झालेला करार

बेसबॉलमधले मला फारसे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. न्यू जर्सीत बहिणीकडे गेलो असताना भाच्याने एका जुन्या सामन्याचे चित्रीकरण लावले आणि 'मामा, हा पिचर बघ' म्हणाला, एवढाच माझा या खेळाशी परिचय. सामना १४ मे १९९६चा, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध सिअ‍ॅटल मरिनर्स. पिचर ड्वाइट गुडन. त्या रात्री नऊ इनिंगमध्ये त्याने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. याला नो-हिटर म्हणतात, आणि भल्याभल्या पिचरांची कारकीर्द तिच्याविना संपते. माझे मन मात्र सामन्यापेक्षा त्याच्या सात महिने आधी झालेल्या करारात अडकून पडले.

गुडन १९८४ साली, वयाच्या १९व्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडून उतरला. पुढच्याच हंगामात त्याने २४ सामने जिंकले, हरला फक्त ४. १९८६ मध्ये मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि शहरातून विजयाची मिरवणूक निघाली. तीत तो नव्हता. रात्रभर कोकेनच्या नशेत काढून ती मिरवणूक आपण टीव्हीवर पाहिली, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. मग १९८७ मध्ये व्यसनमुक्ती केंद्र, १९९४ मध्ये बंदी, आणि १९९५चा अख्खा हंगाम बंदीतच. वय ३१ देखील पूर्ण नव्हते, पण पिचरचा खांदा वेगळी वर्षे मोजतो. अशा माणसाला यांकीजने ऑक्टोबर १९९५ मध्ये करारबद्ध केले.

का केले असेल? संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर दयाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हते. मॅनेजर बदलण्याचा त्यांना छंदच होता. मात्र निक्सन यांच्या प्रचारनिधीला दिलेल्या बेकायदा देणग्यांच्या प्रकरणात १९७४ साली त्यांनी गुन्हा कबूल केला होता, त्यापायी बेसबॉलमधून त्यांना काही काळ दूर राहावे लागले होते, आणि १९८९ साली अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली होती. गुडनचा मेट्समधला जुना सोबती डॅरिल स्ट्रॉबेरी, कोकेन आणि करचुकवेगिरी या दोन्ही प्रकरणांतून गेलेला; त्यालाही यांकीजने त्याच वर्षी घेतले होते. स्वतःला माफी मिळालेल्या माणसाला ती दुसऱ्याला देणे सोपे जाते काय? विचार मोहक आहे, म्हणूनच मी त्यावर फार विसंबत नाही. करार माणसाशी नव्हता, उजव्या हाताशी होता.

हे लिहिताना मला आमच्या विभागातली एक बैठक आठवते. तासिका तत्त्वावरच्या एका जागेसाठी एका ज्येष्ठ गृहस्थांचा अर्ज आला होता. दारूपायी त्यांची आधीची नोकरी गेली होती. एम.ए.ला असताना मी त्यांना ओवीवर बोलताना ऐकले होते. आजही मी शिकवतो ते बरेचसे त्या टिपणांवरूनच. 'शिकवतात उत्तम, पण...' असे कोणीतरी म्हणाले. त्या 'पण'नंतरचे वाक्य कोणी पूर्ण केले नाही, आणि मीही केले नाही. इतिवृत्तात 'विचाराधीन' असा शेरा पडला. यांकीजने निदान हात पाहून का होईना, दार उघडले होते. आमच्या पुढ्यात तर त्या माणसाचा सारा व्यासंग होता.

परत सामन्याकडे येतो. १९९६च्या हंगामाची गुडनची सुरुवात इतकी वाईट होती की त्याची जागा जाण्याची वेळ आली होती. डेव्हिड कोन या पिचरच्या हातातील रक्तवाहिनीचा विकार निघाला म्हणून ती टिकली. त्या रात्री समोर केन ग्रिफी आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज होते. वडील टॅम्पामध्ये रुग्णालयात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया. त्याला बेसबॉल शिकवला होता तो वडिलांनीच. खेळ मुळीच निर्दोष नव्हता. सहा फलंदाजांना त्याने वॉक दिला. शेवटचा उंच उडालेला चेंडू डेरेक जीटरच्या हातात विसावला, यांकीज २-० असे जिंकले, आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले.

भाच्याने चित्रीकरण तिथे थांबवले. आपण साहित्याची माणसेही बहुधा तिथेच थांबलो असतो; अशा जागी कथानक संपवण्याचा मोह मोठा. पुढचे मी त्या रात्री एकटाच वाचत बसलो. त्याच वर्षी यांकीजने वर्ल्ड सिरीज जिंकली, पण थकलेल्या हातामुळे हंगामोत्तर सामन्यांच्या चमूत गुडन नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये वडील गेले. २००६ मध्ये प्रोबेशनच्या अटी मोडल्याबद्दल तो तुरुंगात गेला. नो-हिटरने त्याला व्यसनातून सोडवले नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये मेट्सने त्याचा १६ क्रमांक समारंभपूर्वक निवृत्त केला, आणि जूनमध्ये स्ट्रॉबेरीचा १८. गुडन तेव्हा ५९ वर्षांचा होता. त्याच्या हाताची आता कोणालाच गरज नव्हती, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ओवीवर बोलणारे ते गृहस्थ तोवर वारले होते.