दहा मिनिटांची वाफ

भारनियमन म्हणजे काय, हे आता शिरूरच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. २००५ नंतरच्या सहा-सात वर्षांत तो शब्द आमच्याकडे रोजचा होता. २००६ मध्ये पुणे शहरानं कारखान्यांच्या जनित्रांचा आधार घेऊन स्वतःची बरीचशी सुटका करून घेतली. आम्ही त्याच जिल्ह्यातले, पण शिरूर-दौंडच्या गावांना आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसे.

मी तेव्हा घरीच टायपिंगची कामं घेत असे. श्रीलिपीत मराठी, इनपेजमध्ये उर्दू. निकाहच्या पत्रिका, मदरशाच्या पावत्या. या कामांपेक्षा मोलाचं काम मात्र मामूंचं होतं. मामू दौंडचे, वाफेच्या इंजिनावर फायरमन राहिलेले. काचबिंदूनं नजर गेलेली. जुम्याची नमाज दौंडला आटोपून ते एसटीनं येत, दोन रात्री राहत आणि आठवणी सांगत. मध्येच विचारत, "लिख्या क्या रे?"

एका संध्याकाळी फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा फाइल दिसत होती, उघडत नव्हती. चालू काम संगणकाच्या स्मृतीत असतं ते प्रवाह असेपर्यंतच. आणि डिस्कवर उतरताना तो तुटला तर जुनंही धड राहत नाही, नवंही नाही. चाळीस पानं गेली. त्यांत मामूंचा थोरला भाऊ होता. १९४८ साली कराचीला जाण्यासाठी तो दौंडच्या फलाटावरून मुंबईच्या गाडीत बसला, तो प्रसंग. खिडकीतून तो काय बोलला, ते मामूंनी पहिल्या वेळी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "काहीतरी बोलला होता."

मग यूपीएस घेतला. ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी. घरात साधा इन्व्हर्टर होता. पण त्यानं भार उचलेपर्यंत संगणक बंद पडून पुन्हा सुरू होई. यूपीएस काही मिलिसेकंदांत उचलतो. उसाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडे, तेव्हा त्याच्यातला रिले टकटक करून ते सावरून घेई. जुना जाडजूड मॉनिटर धरून दहा मिनिटं मिळत. लेझर प्रिंटर त्यावर लावायचा नाही. त्याचा तापणारा रोलर एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस लगेच मान टाकतो. लांब भारनियमनानंतर वीज तासभरच आली, तर बॅटरी अर्धीमुर्धीच भरे. दोन वर्षांनी दहाची दोन मिनिटं झाली आणि बॅटरी बदलावी लागली.

दहाच मिनिटं मिळणार असतील तर पैसे कशाला घातले, असं घरात विचारलं गेलंच. उत्तर मामूंनी दिलं. आग विझली तरी बॉयलरात वाफ राहते. तेवढ्यात गाडी स्टेशनच्या लूपला घ्यायची, पुढं पळवायची नाही. त्यानंतर यूपीएस ओरडू लागला की मामू बोलता बोलता थांबत. मी फाइल सेव्ह करी, सीडीवर नक्कल काढी आणि संगणक बंद करी. अंधारात चहा होई. गप्पा चालूच राहत, पण पुस्तकासाठी सांगायचं ते मामू वीज येईपर्यंत राखून ठेवत.

मामू २०११ मध्ये गेले. पानं एकशे बारा भरली. भावाच्या प्रकरणात मी आठवणीतून ते वाक्य घालावं, असं काहींनी सुचवलं. मी घातलं नाही. तिथं मामूंचे दुसऱ्या वेळचेच शब्द छापले आहेत: काहीतरी बोलला होता.