रुजवात

10 मे 2020ची क्लॅट, म्हणजे कायद्याची प्रवेश परीक्षा, पुढं ढकलत ढकलत शेवटी 28 सप्टेंबरला झाली. मधले महिने मी साताऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर काढले. त्याच वर्षी पेपरही बदलला होता. पूर्वीच्या दोनशे सुट्या प्रश्नांच्या जागी दीडशे, तेही सगळे उताऱ्यांवर; वेळ मात्र तीच, दोन तास. विकत घेतलेली पुस्तकं रद्दीत जमा. क्लासवाले ऑनलाइन ओरडत, "स्पीड वाढवा!" मी वाढवला. चुकाही वाढल्या, आणि चुकीला पाव गुण कापला जायचा.

समोरच्या खोल्यांत अण्णा राहत. कोर्टाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालेले. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून मिळवून घ्यायचं, ही रुजवात त्यांनी जन्मभर केली. माझा सराव पेपर तोंडापासून लांब धरून ते म्हणाले, "पोरी, तू सगळे कागद एकाच चालीनं वाचतेस."

कायद्याच्या उताऱ्यावर आमचं भांडण झालं. उताऱ्यात नियम होता की अज्ञानाशी, म्हणजे अल्पवयीनाशी, केलेला करार मुळातूनच रद्दबातल. प्रश्नात सतरा वर्षांचा मुलगा वय खोटं सांगून कर्ज काढतो. मी उत्तर दिलं, फेडावं लागेल; खोटं बोललाय की.

"खोटं बोलल्याचं काय होतं, ते उताऱ्यात दाखव," अण्णा म्हणाले.

नव्हतं.

"मग तू ते आणलंस कुठून? रुजवातीला बसलं की कागदात नाही ते बोलायचं नाही."

(1963च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली कोर्ट अशा मुलाला घेतलेला लाभ परत करायला लावू शकतं, हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा माहीत असतं तर आणखी हट्टानं चुकले असते.)

लॉजिकल रिझनिंगच्या उताऱ्यांना त्यांनी दाव्याची रीत लावली. दाव्यात मागणी शेवटी असते. आधी ती बघायची, मग मागं येऊन तिला आधार कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधायचं. हे प्रत्येक वेळी जमायचं नाही, कारण काही लेखक मागणी मधेच दडवतात. पण लेखकाला नक्की काय हवंय, हे विचारायची सवय लागली. गणिताचे उतारे मी वाचणंच सोडलं. आकडे कच्च्या कागदावर तक्त्यात उतरवायचे आणि उताऱ्याकडं पाठ फिरवायची. चालू घडामोडींत बहुतेक उत्तरं उताऱ्यात नसतातच, म्हणून तिथं थेट प्रश्नावर. वाचलेली मिनिटं इंग्रजीला दिली, कारण लेखक चिडलाय की चेष्टा करतोय हे घाईत कळत नाही. इंग्रजीत मात्र अण्णांनी हात वर केले. "टाइप झालेलं इंग्रजी मिळवलं गं आयुष्यभर. समजलं किती, ते विचारू नकोस."

फीचा विषय मी एकदाच काढला. ते उठून नळावर पाणी भरायला गेले.

परवा माझ्या पहिल्या दाव्याचा मसुदा घेऊन वाड्यात गेले. अण्णांनी पहिलं पान बघितलंच नाही, थेट शेवटचं उघडलं. मग बोट ठेवून मागं मागं आले. मागणीत गट नंबर 214 होता, आत 241.