हंगामाच्या मध्यावर

हंगामाच्या आरंभी केलेल्या पारखीत आशेचा वाटा मोठा असतो आणि अखेरीस केलेल्या पारखीवर निकालाची सावली पडते. जिंकलेल्या संघातला सामान्य खेळाडूही तेव्हा उजळून दिसतो आणि हरलेल्या संघातल्या गुणवंताचे गुण कोणी आठवत नाही. खेळाडूचे खरे मोल जोखण्याची वेळ या दोहोंच्या मध्ये येते, जेव्हा निम्मे सामने खेळून झालेले असतात आणि निम्मे अजून हाती असतात. वसई-विरारच्या उघड्या सिमेंट-मैदानांवरील बास्केटबॉलला पाऊस ओसरल्यावर रंग चढतो आणि परीक्षांची चाहूल लागेपर्यंत तो टिकतो, त्यामुळे हा मध्य साधारणपणे नाताळाच्या सुमारास येतो. गावोगावच्या घरांवर तारे लागलेले असतात, वसईत डिसेंबरअखेरच्या कला-क्रीडा महोत्सवाची लगबग असते आणि संध्याकाळी शाळेच्या आवारातून चेंडूच्या टप्प्यांचा ठोका ऐकू येत राहतो. संघाच्या प्रशिक्षकाने गुणपत्रिका पुढ्यात घेऊन बसावे, असा हा काळ आहे.

गुणपत्रिका मात्र नीट वाचता आली पाहिजे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंद दालनात खेळण्यासाठी हा खेळ रचला, तेव्हा पीच फळांच्या दोन टोपल्या आणि तेरा नियम एवढेच त्याचे भांडवल होते आणि मोजायचे ते फक्त टोपलीत पडलेले चेंडू. आज कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते, सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत होतो, चेंडू ताब्यात आल्यावर चोवीस सेकंदांत कड्याकडे फेकावाच लागतो आणि नोंदीही पुष्कळ वाढल्या आहेत. हुकलेला फेक परत येताना झेलणे म्हणजे रिबाउंड, सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारा पास म्हणजे असिस्ट, आणि फेक न करताच चेंडू प्रतिपक्षाच्या हाती घालवणे म्हणजे टर्नओव्हर. मध्यावरची पारख या तिन्हींवर जेवढी उभी राहील तेवढी ती पक्की होईल, कारण केवळ गुणांची बेरीज फसवते. समजा, एका खेळाडूने अठरा फेक करून त्यांतले सहा कड्यात घातले आणि बारा गुण मिळवले, तर दुसऱ्याने चारच फेक करून तीन घातले आणि सहा गुण मिळवले. गुणांच्या रकान्यात पहिला दुप्पट ठरतो. पण त्याने संघाच्या बारा संधी रिकाम्या घालवल्या आणि दुसऱ्याने एकच, हे त्या रकान्यात कोठेही लिहिलेले नसते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की या खेळातले पुष्कळसे काम कोणत्याच रकान्यात उतरत नाही. सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत स्थिर उभे राहणे, ज्याला स्क्रीन म्हणतात. असिस्टच्याही आधीचा तो पास, ज्यामुळे बचावाची रांग एका बाजूला कलते. समोरच्या संघाच्या सर्वोत्तम नेमबाजाच्या अंगावर राहून त्याला चेंडूच मिळू न देणे. आणि फेक हुकताच स्वतःच्या कड्याकडे सर्वांत आधी धावत परतणे. या कामांचा कर्ता बहुधा अबोल असतो, त्याच्या नावाने टाळी पडत नाही आणि पाच फाउल होऊन बाहेर बसण्याची पाळीही त्याच्यावरच अधिक येते, कारण बचावाचा भार तोच उचलतो. संघ तरतो तो अशाच खेळाडूंमुळे, आणि मध्यावरच्या यादीत त्यांचे नाव शेवटी येणे हा पारखीतला सर्वांत मोठा दोष मानला पाहिजे.

वसई-विरारच्या संघाची पारख करताना भूगोलही हिशेबात धरावा लागतो. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून जुलै २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली. स्थानकांभोवती इमारती दाटल्या, तरी पश्चिमेला निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या पट्ट्यात वाड्या आणि विहिरी अजून टिकून आहेत. या दोन्ही वस्त्यांतून येणारी मुले एकाच मैदानावर खेळतात, पण मैदानापर्यंत पोहोचताना सर्वांची दमणूक सारखी नसते. ज्याचे महाविद्यालय अंधेरीला किंवा चर्चगेटला आहे, तो विरार लोकलच्या गर्दीत उभा राहून परततो, दप्तर खांद्यावरून उतरवतो आणि बूट बांधून सरावाला लागतो. सहाव्या मिनिटाला त्याचे पाय जड झाले तर त्याला आळशी म्हणणारा प्रशिक्षक त्या प्रवासाचा विचार करत नसतो. डिसेंबरच्या संध्याकाळी खाडीवरून येणाऱ्या दमट हवेने सिमेंटवर दव धरते, चेंडू हातातून निसटतो, आणि त्या आठवड्यात वाढलेले टर्नओव्हर हे हाताचे किती आणि दवाचे किती, हे वेगळे काढणे हाही न्यायाचाच भाग आहे.

विरारच्या क्रीडास्मृतीत एक आकडा ठळकपणे कोरला गेला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेत पृथ्वी शॉ या विरारच्या मुलाने ५४६ धावा केल्या, पुढे २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी कसोटी पदार्पणात त्याने शतक केले. या आकड्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु त्याच्या झळाळीत पहाटेचा तो प्रवास दिसत नाही, जो विरारहून मुंबईच्या मैदानांपर्यंत वडिलांसोबत करावा लागे. आणि क्रिकेटमध्ये एकट्याच्या धावसंख्येला जे स्वतंत्र अस्तित्व असते, ते बास्केटबॉलमध्ये कधीच नसते. येथे प्रत्येक गुणामागे आणखी चार जणांची हालचाल असते. क्रिकेटवेड्या गावाने बास्केटबॉलच्या खेळाडूला क्रिकेटच्या मापाने मोजले, की संघाला एक नायक आणि चार प्रेक्षक मिळतात.

बास्केटबॉलची मुंबईतील जुनी परंपरा याच्या नेमके उलट सांगते. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र दाट वस्तीतील कामगार कुटुंबांसाठी उभारले. नागपाड्याच्या मैदानी परंपरेतूनच अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार आणि १९७० चा अर्जुन पुरस्कारविजेता पुढे आला. सुविधा तोकड्या, जमीन कठीण, पण खेळणाऱ्यांना एकमेकांची पावले ओळखीची: स्थानिक संघाचे हे बळ नागपाड्याने दाखवून दिले, आणि वसई-विरारच्या मुलांपाशीही ते आहे, कारण शेजारी, वर्गमित्र आणि एकाच डब्यात चढणारे सोबती हेच येथे संघ होतात.

म्हणून मध्यावरच्या पारखीत तुलना करायची ती एका खेळाडूची दुसऱ्याशी नव्हे, तर त्याच खेळाडूच्या ऑक्टोबरमधील खेळाशी. चौदा ते सतरा या वयात दोन महिन्यांतही शरीर बदलते. उंची वाढलेल्या मुलाचा नेम काही काळ बिघडतो, कारण हाताला सवय झालेले अंतर बदललेले असते, आणि अशा वेळी त्याला संघाबाहेर करणे म्हणजे वाढीचीच शिक्षा देणे. फ्री थ्रो, म्हणजे फाउलच्या बदल्यात कोणाच्याही अडथळ्याशिवाय मिळणारा फेक, यात सुधारणा झाली असेल तर ती निव्वळ सरावाची कमाई असते आणि तिची नोंद ठळक अक्षरांत व्हावी. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: मैदानावर दिवे नसतील तर त्यांचा सराव अंधार पडताच थांबतो, आणि मुलांच्या तुलनेत त्यांचे हे गमावलेले तास गुणपत्रिकेत अपयश म्हणून उमटतात. दहावी-बारावीच्या निकालातील सवलतीच्या क्रीडागुणांसाठी खेळणारा आणि खेळाच्या ओढीने येणारा, यांतला फरकही याच काळात उघड होतो. पहिला परीक्षा जवळ येताच गळतो, दुसरा पुस्तक घेऊनच मैदानाच्या कडेला बसतो.

बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंविषयीचा निर्णय सर्वांत कठीण असतो. ज्याला सामन्यात तीनच मिनिटे मिळतात, त्याच्याकडे दाखवण्यासारखे आकडे नसतात, आणि आकडे नाहीत म्हणून त्याला मिनिटे मिळत नाहीत. हे चक्र प्रशिक्षकानेच तोडायचे असते. वसई-विरारच्या प्रशिक्षकांनी यंदाच्या नाताळात ही पारख कागदावर उतरवावी, ती प्रत्येक खेळाडूला समोर बसवून वाचून दाखवावी, आणि उरलेल्या निम्म्या सामन्यांतली किमान दहा मिनिटे बाकावरच्या मुलांच्या वाट्याला द्यावीत.