फोंड्याचा घाट, सात सायकली आणि एक तळं

वीकएण्डला काय करताय? पुन्हा मॉल, पुन्हा लोणावळा, पुन्हा एक्स्प्रेस-वेवरचा तोच जॅम? मग मंडळी, जरा लांबचा पण भन्नाट प्लॅन ऐका. रात्री मुंबईहून कोकण रेल्वे पकडायची, सकाळी कणकवलीला उतरायचं, सायकलवर टांग मारायची आणि फोंड्याचा घाट चढून राधानगरीच्या तळ्यावर जायचं. हो, सायकलनं. हो, चढून!

परदेशी मॅगझिन्समध्ये माउण्टन बाइकवाले निळ्याशार अल्पाइन लेकच्या काठी पोझ देऊन उभे असतात ना? सह्याद्रीत हिमनदीनं कोरलेलं तसलं तळं मिळणं नाही. इथे डोंगरात मोठं पाणी दिसलं की बहुतेक वेळा समजायचं, ते कुणीतरी अडवलंय.

आम्ही सात जण. तीन आयटीवाले, दोघी बँकेतल्या, एक आर्किटेक्ट आणि अस्मादिक. डिसेंबरातला शनिवार. फोंडाघाट हे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता इथूनच वर चढतो. बाजारात घावणे-चटणी हाणत असताना हॉटेलवाल्या काकांनी सायकली नीट न्याहाळल्या आणि शांतपणे विचारलं, "गाडी नाय गावली काय तुमका?"

घाटात शिरल्यावर पहिल्या दोन वळणांतच या प्रश्नाचं मोल कळतं. गिअर सगळ्यात खालचा, स्पीड चालण्याइतका, मागून ट्रकचा हॉर्न. आमचा नियम एकच होता : सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे. बँकेतल्या दोघींपैकी एक आयुष्यात पहिल्यांदाच घाट चढत होती. ती पुढे, बाकी सगळे तिच्या मागे. आयटीवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. "आम्ही वर जाऊन थांबतो ना यार!" परवानगी नाही मिळाली. मला विचाराल तर ग्रुप राइडचा अर्थच हा. नाहीतर एकेकट्यानं जावं, कोण अडवतंय?

वर पोचलो तेव्हा हवा एकदम गार. इथे पाण्याचंही ठरतं. मागच्या उतारावर पडलेला पाऊस कोकणातून अरबी समुद्रात जातो. पुढच्या उतारावरचा भोगावती, पंचगंगा करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. भाषासुद्धा बदलते. चहाच्या टपरीवर आता "काय पावणं, कोल्हापूरला निघालाय व्हय?"

दाजीपूर म्हणजे गव्यांचं राज्य. १९५८ साली इथे अभयारण्य झालं. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा भाग आहे. आत जंगलात सायकल घुसवायचा हट्ट धरू नका. डांबरी रस्त्यावरूनच पुष्कळ दिसतं.

मध्ये एक पंक्चर, एक चेन तुटलेली. तळ्याच्या फुगवट्याकाठी टेकलो तेव्हा साडेचार वाजले होते. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं पाणी... बराच वेळ कुणीच बोललं नाही. धरणाची भिंत इथून बरीच पुढे, राधानगरीला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या शेतीसाठी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा काम अर्धवटच होतं, पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. आजही पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. आपण दोन वर्षांत होम लोन बदलतो, आणि हे बघा!

मग सुरू झाली आमची खरी मीटिंग. तिघांना रात्रीची ट्रेन गाठायची होती. एकाचं रविवारी रिलीज होतं. "उतारच तर आहे, तासाभरात खाली!" तेवढ्यात रस्त्यानं जाणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, "दिवस मावळला की गवं पाण्यावर येत्यात. रस्ता त्यांचाच असतोय मग."

पूर्ण वाढलेला गवा टनभरापर्यंत भरतो. अंग काळं, फक्त पायात पांढरे मोजे. अंधारात वळणावर तो दिसेपर्यंत ब्रेक लावायची वेळ निघून गेलेली असते. तरी तिघं हटेनात. शेवटी घाट पहिल्यांदा चढणारीच म्हणाली, "सकाळी तुम्ही माझ्यासाठी हळू आलात. आता माझ्यासाठी थांबा." रिलीजवाल्यानं टेकाडावर चढून रेंज शोधली, बॉसच्या शिव्या खाल्ल्या. तिकिटं बुडाली. रात्री दाजीपुरात झुणका-भाकरी आणि शेकोटी.

सकाळी उतरताना एका वळणावर रस्त्याच्या मधोमध ताजं शेण पडलेलं होतं. गाईचं नक्कीच नव्हतं. रिलीजवाल्यानं त्याचा फोटो काढून बॉसला पाठवला.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि घाटात धुकं. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, तापतात. मध्ये थांबा, गार होऊ द्या. आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचंच काढा.