बौद्धवाडीच्या ओट्यावर प्रल्हाद शिंदे

यंदाची बुद्धपौर्णिमा आम्ही गावी केली. मंडळाच्या मुंबई शाखेची बैठक भरली तेव्हा नेहमीप्रमाणे कामांची वाटणी झाली. कोणाकडे खीरदानाचा शिधा, कोणाकडे पंचशील ध्वज व पताका, कोणाकडे वक्ते ठरविण्याचे काम. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा हिशेबाची वही आमच्याकडेच असते. या खेपेला अध्यक्षांनी आणखी एक काम आमच्या गळ्यात घातले. "कालकथित प्रल्हाद शिंदे यांची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची गाणी एका जागी करून आणा. दिवसभर कर्ण्यावर लावू. नव्या पोरांना कळू दे गळा म्हणजे काय ते."

काम सोपे वाटले. आमच्या लहानपणी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर कॅसेटच्या गाड्या लागत आणि वडील दरवर्षी न चुकता एक कॅसेट घेत. पुढे सीडी आल्या, मग एकाच चकतीत शंभर-सव्वाशे गाणी मिळू लागली आणि आता बोटभर पेनड्राइव्ह मिळतो. आम्ही वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली, दुकानातून एक 'निवडक' संग्रह विकत आणला, चैत्यभूमीवर घेतलेला पेनड्राइव्ह शोधून काढला आणि रविवारी वही घेऊन बसलो. रकाने आखले: अनुक्रम, गाण्याचे पहिले शब्द, कवी, संगीत, साल.

तासाभरात पंचाईत कळली. दुकानातल्या संग्रहात विठ्ठल होता, पंढरी होती, गणपती होता, पण जयभीमचे एकही गाणे नव्हते. चैत्यभूमीवरच्या पेनड्राइव्हमध्ये बाबासाहेब, रमाई, तथागत सगळे होते आणि दुसरे काही नव्हते. एक माणूस, एक गळा, पण विकणाऱ्यांनी त्याच्या दोन पिशव्या केलेल्या. आपल्या गावात वाणीआळी एकीकडे आणि बौद्धवाडी दुसऱ्या टोकाला असते तसेच. आम्ही दोन्ही पिशव्या एकत्र ओतल्या, वडिलांच्या कॅसेटमधल्या कव्वाल्या त्यात घातल्या आणि सगळे एका पेनड्राइव्हवर भरून घेतले. शंभरावर गाणी झाली. पण वहीत कवी व साल हे दोन रकाने जवळजवळ कोरे राहिले. कोऱ्या रकान्याची आम्हांला धंद्याने भीती वाटते.

दादरहून रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघालो. मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून या गाडीला नाव दिले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू होण्यापूर्वी हाच प्रवास एस.टी.ने किंवा खाजगी बसने रात्रभर घाट उतरत-चढत होई. आम्ही शाळेत असताना मे महिन्यात बसमध्ये ड्रायव्हरजवळच्या टेपवर जे लागे ते सगळ्यांनी ऐकायचे. सर्वांची मुले झोपली की कोणीतरी हळूच पुढे जाऊन प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट ड्रायव्हरच्या हातात देई. पुढच्या सीटवरचे कोणी कुरकुरले तर ती बाजू संपण्याआधीच बंद होई. आता डब्यात ज्याच्या-त्याच्या कानात ज्याची-त्याची वायर. उक्षी गेले, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आला आणि बाहेर पडल्यावर उजाडलेले होते.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मुलांना थिबा पॅलेस दाखवायला नेले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले, १९१० साली हा वाडा बांधला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. एक बौद्ध राजा तीस वर्षे रत्नागिरीत राहिला आणि त्याच काळात आमचे पणजोबा पाच-सात कोसांवर गावाची सांगकामे करीत होते. त्यांना तो बौद्ध आहे हे कळण्याचे कारण नव्हते, आणि बौद्ध म्हणजे काय हेही. आमची नववीतली मुलगी संग्रहालयातल्या वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मन लावून वाचत होती. मूर्ती कोणती, कोणत्या काळातली, कुठे सापडली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गाण्यांना अशा चिठ्ठ्या नाहीत ना?" आम्ही म्हटले, नाहीत.

पौर्णिमेच्या सकाळी ध्वजारोहण, त्रिशरण-पंचशील झाले. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली. खीरदान सुरू झाले आणि विहाराच्या ओट्यावरून गाणी लागली. आंब्याच्या दिवसांत वाडी माणसांनी भरलेली असते. बायका काम थांबवून ऐकत होत्या, म्हातारे मान डोलावत होते. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कर्ण्यासाठीच घडला असावा, असे आम्हांला नेहमी वाटते. वरच्या पट्टीतला, उघडा, जरा खरखरीत आणि कधी न दबणारा. तो डोंगरावरून खाली खाडीपर्यंत जातो.

दुपारी जेवणे चालू असताना घोटाळा झाला. यंत्र लावणाऱ्या मुलाने गाणी उलटसुलट क्रमाने वाजण्याचे बटण दाबले होते. रमाईवरचे गाणे संपले आणि मागोमाग विठ्ठलाचे भक्तिगीत सुरू झाले. विहाराच्या ओट्यावरून! वाडीतले सर्वांत वडीलधारे काका पानावरून उठले. वय ऐंशीच्या घरात. १९५६ साली ते दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षेनंतर शिमग्यात पालखीपुढे वाजवण्याचे सोडले म्हणून घराला दोन वर्षे दुकानातून मीठ मिळाले नव्हते. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"ह्ये काय लावलंस रे? बंद कर आधी!" काका गरजले. "पयलीच प्रतिज्ञा काय हाय? माझ्या बापानं गळ्यातला ढोल उतरवला तो काय ह्ये ऐकायला?"

गाणे बंद झाले. वाडी चिडीचूप. पेनड्राइव्ह आमचा, तेव्हा अपराधही आमचा. आम्ही उभे राहून क्षमा मागितली. पण तेवढ्यावर ते मिटले नाही. वाडीतला एक तरुण शिक्षक म्हणाला, "काका, पंढरपूरची मूर्ती ही बुद्धाचीच, असं बाबासाहेब १९५४ साली देहूरोडला बोलले होते." काका म्हणाले, "मूर्ती कोणाची ती येगळी गोष्ट. ह्या गाण्यात ती बुद्धाची म्हणून गायलीय काय?" याला शिक्षकाकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते.

मग आमची आत्या बोलली. तिचे यजमान गिरणीत होते, त्यामुळे तिची उमेदीची वर्षे मुंबईच्या चाळीत गेली. "भावजी, मी त्यांना समोर बसून ऐकलंय. चौदा एप्रिलला रातभर सामना व्हायचा. दोन पार्ट्या, एकाचा सवाल नि दुसऱ्याचा जवाब, पहाटेपर्यंत. तिथं विठ्ठल नव्हता. पण त्या रातीचे पैसे ते काय मिळायचे? वर्गणी जमली तेवढे. पोरंबाळं होती त्यांना. कंपनीवाल्यांनी जे गा म्हटलं, ते गायले."

आत्याच्या बोलण्यात व्यवहार होता आणि तो आम्हांला पटतो. तबकडीच्या काळात एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. रात्रभराचा सवाल-जवाब त्यात बसणार कसा? तबकड्या काढणे ही एक-दोन मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी होती आणि आषाढीला, गणपतीला काय खपते याचा त्यांचा हिशेब पक्का होता. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली, लहानसहान कंपन्या निघाल्या, तेव्हा कुठे भीमगीते झोपडीझोपडीत वाजू लागली. त्याच लाटेत त्यांचे चिरंजीव आनंद व मिलिंद शिंदे महाराष्ट्रभर गाजले. पण काकांचे म्हणणेही आम्हांला खोडता येत नाही. पोटासाठी गायले हे खरे, आणि विहाराच्या ओट्यावर ते वाजू नये हेही खरे.

संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसलो होतो. आमचा एक भाचा जहाजावर नोकरीला आहे. त्याने घरातून एक जाडजूड खोका आणला. जेम्स ब्राऊन या अमेरिकेतल्या काळ्या गायकाच्या गाण्यांचा 'स्टार टाइम' नावाचा संग्रह. १९९१ साली निघालेला, ४ चकत्या, ७१ गाणी. जन्म १९३३ चा, म्हणजे आपल्या प्रल्हाद शिंद्यांच्याच सालचा. लहानपणी रस्त्यावर बूट पुसले, सैनिकांपुढे नाचून चिल्लर मिळवली. आधी चर्चची गाणी, मग नाचाची, प्रेमाची, आणि १९६८ साली आम्ही काळे आहोत याचा आम्हांला अभिमान आहे, असे ठणकावून सांगणारे गाणे. आपल्या दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या चळवळीच्याच काळातले. संग्रहातले पहिले गाणे १९५६ सालचे आहे. हे साल ऐकून काकांनी मान वर केली.

गाण्यांपेक्षा आम्हांला त्यातले पुस्तक भावले. कोणते गाणे कधी ध्वनिमुद्रित झाले, कुठे झाले, ढोल कोणी वाजवला, तुतारी कोणी फुंकली, सगळे छापलेले. त्या टिपणांना तिकडचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. भाच्याने एक गाणे लावले. काकांना ते फारसे रुचले नाही. "नुसता ओरडतोय," म्हणाले. पण पुस्तक मात्र त्यांनी हातात घेऊन चाळले. इंग्रजी येत नाही, तरी पाने उलटत राहिले. "ह्यात सगळ्यांची नावं हायत?" आम्ही म्हटले, बहुतेकांची. "वाजवणाऱ्यांचीपण?" वाजवणाऱ्यांचीही.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझी वही आण."

आम्ही वही आणली. कवीच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, हे कोरे का? आम्ही म्हटले, कॅसेटवर गायकाचे नाव मोठे आणि कंपनीचे त्याहून मोठे, कवीचे कुठेच नाही. काका हसले. "अरे शिकलेल्या माणसा, शेवटचं कडवं ऐक की!"

आणि खरेच की. भीमगीत लिहिणारा कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो, ही जुनी रीत आम्ही विसरलोच होतो. वामनदादा कर्डकांचे 'वामन' तर कित्येक गाण्यांत आहे. ज्या माणसाला अक्षरओळखच मोठेपणी झाली, त्याने आपले नाव कागदावर न ठेवता गाण्याच्या पोटात ठेवले. कागद हरवतो, लेबल निघून जाते, गाणे राहते. हे वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही.

रात्री दहापर्यंत तोच उद्योग चालला. भाचा गाणे पुढे सरकवून शेवटचे कडवे लावी, सगळे कान देत, कोणीतरी नाव पकडी आणि आमची मुलगी रकान्यात लिही. पण कित्येक गाण्यांना शेवटच नव्हता. आवाज हळूहळू बारीक करत मध्येच संपवलेले. म्हणजे कापताना नेमके कवीचे नावच कापले गेलेले. तिथे वाडी कामाला आली. आत्या, काका, शेजारच्या दोन आज्या यांना ते गळालेले कडवे तोंडपाठ होते. त्यांनी म्हणून दाखवले आणि नाव सांगितले. दोन ठिकाणी आत्या व काका यांच्यात मतभेद झाला. तिथे आम्ही दोन्ही नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले. सालाच्या रकान्यात मात्र फारशी भर पडली नाही. "आमच्या थोरलीच्या लग्नात वाजलेलं" एवढेच कळे. ते आम्ही तसेच लिहून घेतले.

भक्तिगीतांचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी आमच्या पत्नीने सोडवला. ती म्हणाली, "विहारासाठी वेगळा पेनड्राइव्ह करा, त्यात फक्त भीम-बुद्ध गीते घाला. वहीत मात्र सगळे राहू द्या. वही काही कर्ण्यावर वाजत नाही." काकांनी हरकत घेतली नाही. आनंदाने मान डोलावली असेही नाही. एवढेच म्हणाले, "लिव्ह. पण कशापायी गायला तेपण लिव्ह." तेव्हा आम्ही 'शेरा' असा सहावा रकाना आखला.

परतीच्या दिवशी रत्नागिरी स्टेशनवर गाडी तासभर उशिरा होती. फलाटावर आंब्याच्या पेट्या, त्यांवर बसलेले चाकरमानी. आत्याचा फोन आला. म्हणाली, त्रेचाळीस नंबरचे गाणे आठवले, शेवटचे कडवे सांगते, लिहून घे. आणि फोनवरच म्हणू लागली. बाजूला गाडीची घोषणा चालली होती, म्हणून आम्ही दुसऱ्या कानात बोट घातले. मुलीने पेटीवर वही उघडून ठेवली होती. नाव आले तसे तिने लिहिले आणि विचारले, "आत्याआजी, चव्वेचाळीसचं येतं का?"