लाजपतनगरचा तर्जुमान

गेल्या नाताळच्या सुट्टीत दिल्लीस जाण्याचा योग आला. लाल किल्ला, कुतुबमिनार सारे यथासांग झाले. पण आमच्या सौभाग्यवतींना स्वेटर घ्यावयाचे होते म्हणून लाजपतनगरात गेलो, आणि मला दिल्लीतले तेवढेच आता आठवते.

ही वसाहत मुळात फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची. आज तिच्या एका अंगाला लहानसे काबूल वसले आहे. औषधांच्या दुकानांवर फार्सी पाट्या, सुक्या मेव्याच्या राशी, आणि हातभर लांबीचे गरम नान! नानवाईच्या फळीपाशी एक पस्तिशी-चाळिशीचा गृहस्थ उभा होता. हिंदी अस्खलित, थेट सिनेमातली. काय करता, असे विचारताच म्हणाला, “तर्जुमान आहे.” तर्जुमा शब्द आपलाही, मराठीच्या मास्तराला एवढे ओळखीचे पुरे होते.

इथल्या इस्पितळांत तो अफगाण रोग्यांचे दुखणे डॉक्टरांना सांगतो. त्याआधी, २०१० साली, तो हेल्मंद प्रांतात अमेरिकन पलटणीबरोबर होता. गावाचे नाव संगीन. (आपल्याकडे संगीन म्हणजे बंदुकीचे पाते, नाव शोभले!) सुरुंग शोधणाऱ्याने आखलेल्या चिंचोळ्या वाटेने सारी रांग चालायची, आणि हा बिनहत्यारी माणूस अधिकाऱ्याच्या पाठोपाठ.

“पण सुरुंग सर्वांना सारखाच, प्रोफेसरसाहेब,” तो म्हणाला. “माझी भीती निराळी होती. गावचा म्हातारा मला पहिला प्रश्न विचारी, तू कुणाचा मुलगा?”

आपल्या खेड्यांतही हाच प्रश्न पहिला येतो. तिथे मात्र खरे उत्तर म्हणजे घरच्यांचा पत्ता शत्रूच्या हाती. म्हणून भर उन्हाळ्यात तोंडाला फडके, आणि सोल्जरांनी ठेवलेले नाव, रॉकी. एकदा म्हाताऱ्याने दोघांनाही आईवरून शिव्या घातल्या. अधिकारी विचारतो, काय म्हणतोय? रॉकीने सांगितले, त्याला काही ठाऊक नाही म्हणतोय. तर्जुमा साफ खोटा. पण त्या दिवशी कुणाच्या अंगावर हात पडला नाही.

रजेवर जाताना कंदाहार-काबूल रस्त्यावर तालिबान बस थांबवून उतारूंची झडती घेत. फोनमधले सारे पुसून, जुने कपडे घालून हा बसायचा. शेवटी घराच्या दारावर ‘शबनामा’ चिकटला. शबनम नव्हे, शबनामा! रात्री येणारे धमकीचे पत्र. २०१४ साली बायकोला घेऊन त्याने दिल्ली गाठली.

अशा माणसांना व्हिसा देण्याचा कायदा अमेरिकेने २००९ सालीच केला. त्यासाठी वरिष्ठाचे पत्र लागे. याचे पत्र आईपाशी काबूलला होते. ट्रंकेत, रजयांच्या खाली. अर्ज रेंगाळला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले, घराघरांतून झडत्या होणार अशी आवई उठली. त्याने फोनवरून सांगितले आणि आईने पत्र तंदुरात घातले.

“दुसरे मागवा की!” आमची ही मध्येच म्हणाली.

“वहिनीजी, साहेबाचा पत्ता त्या पत्रावरच होता. आणि त्याच्या आठवणीत मी फक्त रॉकी. या नावाचा पासपोर्ट नाही.”

मग मी त्याला याच दिल्लीच्या मोहनलाल काश्मिरीची हकिकत सांगितली. इंग्रजांचा हा मुनशी १८४१च्या काबूलच्या उठावातून वाचला, साहेबांसाठी स्वतःच्या नावावर कर्जे काढून बसला, आणि पुढे त्या पैशांसाठी कंपनीशी भांडत राहिला.

“मिळाले?” त्याने चटकन विचारले. मी नकारार्थी मान हलवली. तो मोठ्याने हसला. नानवाईदेखील वळून पाहू लागला.

निघताना मुलीने फोटोसाठी मोबाइल काढला. गृहस्थ हसतच होता, पण त्याने हातातला लांब नान अलगद वर उचलून तोंडासमोर धरला. तो फोटो आमच्याकडे आहे. त्यात मी आहे, ही आहे, स्वेटरांची पिशवी आहे, आणि एक नान.